श्वास मोजून झाल्यावर

प्रयोगशाळेविना मुले वाचवता येतात, हे गडचिरोलीने जगाला दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना बाळाचे श्वास मोजायला शिकवले, न्यूमोनिया वाटला की को-ट्रायमॉक्झाझोल हे अँटिबायोटिक द्यायचे. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याने घटले. पुढे ‘सर्च’च्या आरोग्यदूतांनी नवजात बाळाचा जंतुसंसर्ग लक्षणांवरून ओळखून घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन दिले. मग जंतूचे नाव शोधत बसायचे कशाला? शिवाय कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि भामरागडचे धापणारे मूल तेवढे थांबत नाही.

थांबवा असे कोणी म्हणतही नाही. पहिला डोस श्वास मोजूनच द्यावा. पण तो डोस अजून लागू पडतो का, हे श्वास सांगत नाही. न्यूमोनियाचा मुख्य जंतू न्यूमोकॉकस हा स्ट्रेप्टोकॉकसच. तो जगभर को-ट्रायमॉक्झाझोलला जुमानेनासा झाला, हे कळले प्रयोगशाळांतूनच. आज जागतिक आरोग्य संघटना अमॉक्सिसिलिन सुचवते. कधी तर नुसत्या नावावर उपचार ठरतो. घसा धरणारा आणि पुढे हृदयाच्या झडपा बिघडवू शकणारा ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिनला आजही बधतो. एन्टरोकॉकस १९८४पर्यंत त्याच कुळात मोडत असे. ग्रॅम पद्धतीने रंगवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही जांभळे गोल दाणे, जोडीने वा साखळीत. पण सर्रास टोचले जाणारे सेफ्ट्रियाक्झोन एन्टरोकॉकसवर जात्याच निकामी, आणि एकटे जेंटामायसिनही पुरत नाही.

हे ओळखायला महागडे यंत्रच हवे, हा आक्षेप मात्र पटत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात स्टॅफिलोकॉकस या तिसऱ्या गोल जंतूचे बुडबुडे येतात, स्ट्रेप्टोकॉकस आणि एन्टरोकॉकसचे येत नाहीत. साडेसहा टक्के मीठ असलेल्या पोषक द्रवात एन्टरोकॉकस वाढतो, बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस नाहीत. ऑप्टोचिनची चकती न्यूमोकॉकस वेगळा काढते. त्याला लागणारा कार्बन डायऑक्साइड बंद बरणीतली मेणबत्तीही पुरवते. खरी अडचण जंतू वाढवायच्या रक्ताच्या थाळीची आहे. तिला मेंढीचे रक्त लागते. लहान प्रयोगशाळा रक्तपेढीचे मुदत संपलेले मानवी रक्त ओततात, त्यातली प्रतिपिंडे जंतूची वाढ रोखू शकतात आणि रक्तपेशी फुटण्याची खूणही फसवी उमटते.

चंद्रपुरात २०१५पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे प्रयोगशाळाही आहे. पण रुग्ण दूर सिरोंच्यात आहे. तिथे रक्त अँटिबायोटिकच्या आधी घेतले गेले पाहिजे. त्या रक्ताची कल्चरची बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नसते, खोलीच्या तापमानाला पाठवायची असते, आणि मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपलीकडे जातो. यंत्रखरेदीच्या आधी या बाटलीच्या प्रवासाचा बंदोबस्त व्हायला हवा.