फेफरें, औषध आणि कुत्र्याचें रक्त

1912 सालीं प्रचारांत आलेलें फिनोबार्बिटाल हें औषध फेफरें येणाऱ्या कुत्र्यांस आजहि दिलें जातें. तें सुरू झाल्यावर रक्तपरीक्षेंत अल्कलाइन फॉस्फटेज बहुधा वाढलेलें आढळतें. परंतु तेवढ्यावरून यकृत बिघडलें असें समजूं नये. औषधाच्या प्रेरणेनें यकृत हें द्रव्यच अधिक निर्माण करितें. मात्र अल्ब्युमिन घटलें, पित्ताम्लें वाढलीं किंवा कावीळ दिसली, तर धोका खरा. थायरॉइडचा टी-4 हाहि ग्रंथि निरोगी असतां उतरतो. पोटॅशियम ब्रोमाइड चालू असल्यास कित्येक यंत्रें ब्रोमाइडलाच क्लोराइड समजून आंकडा फुगवितात. सबब रक्त तपासावयास देतांना औषधाचें नांव अवश्य सांगावें. आणि आंकड्यांस भिऊन औषध एकाएकीं बंद करूं नये. तसें केल्यास फेफरें बळावून जनावराच्या प्राणावर बेतण्याचा संभव असतो.