जमिनीखाली चूल आहे का?

सकाळी ९:४०. मी शाळेचं कुलूप काढेपर्यंत पाच-सहा पोरं हापशावर गोळा झालेली. डिसेंबरचा गारठा. तिसरीतली एक मुलगी स्वेटरची बाही वर सारून धारेखाली हात धरून उभी होती. "बाई, पाणी कोमट लागतंय. पहाटे तर ह्यातनं धूर निघतो. खाली कुणी चूल पेटवलीय का?" उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण गिळलं. सांगून टाकलं की प्रश्न तिथंच संपतो. म्हटलं, "वहीत लिहून ठेव."

१०:३०. परिपाठ, हजेरी. शाळा दोनशिक्षकी; तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच वर्गात.

११:१५. परिसर अभ्यासाचा तास व्हरांड्यात घेतला. तापमापक सावलीत धरला: हवा १७ अंश. हापशाच्या पाण्यात बुडवला: २५. पोरांनी आकडे फळ्यावर मांडले. मग तीन पातेली ठेवली. एकात रात्रभर उघड्यावर राहिलेलं गार पाणी, दुसऱ्यात स्वयंपाकाच्या मावशींनी दिलेलं सोसवेल इतपत गरम पाणी, मधल्यात हापशाचं. चौथीतल्या एका मुलाने डावा हात गारात, उजवा गरमात घातला. सगळ्यांनी मिळून पन्नासपर्यंत मोजलं, आणि त्याने दोन्ही हात मधल्या पातेल्यात बुडवले. क्षणभर तो नुसताच हातांकडे बघत राहिला. "बाई, ह्या हाताला गरम, ह्या हाताला गार!" मग प्रत्येकाला करून बघायचं होतं. तास लांबला, लांबू दिला.

कातडीला पाण्याचं नेमकं तापमान कळत नाही. ऊब आत येतेय की बाहेर जातेय, एवढंच तिला समजतं. थंडीने गारठलेल्या हाताला २५ अंशांचं पाणी ऊबदार लागतं, मे महिन्यात ४० अंशांच्या उन्हातून आलेल्याला तेच गार लागतं. पण ते पंचविसाच्या आसपासच का राहतं? माती उष्णता फार सावकाश पुढे सरकवते. दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी वरच्या दोन-तीन फुटांतच विरते. पंधरा-वीस मीटर खाली तर उन्हाळा-हिवाळ्याचाही फरक जवळजवळ पोचत नाही, आणि आमची बोअर त्याहून खोल आहे.

"म्हणजे चूल नाही, गोधडी आहे," ती मुलगी म्हणाली. इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

१:१५. खिचडी. मावशींनी झाकण काढलं, पांढरे लोट उठले. "हाच तो धूर!" मी कोरडी स्टीलची ताटली वर धरली. काजळी नाही, थेंब आले. वाफ डोळ्यांना दिसत नाही. गार हवेत तिचे बारीक थेंब होतात, तेच पांढरे दिसतात. पहाटे हापशावरही तेच होतं. ताटलीवरचा एक थेंब एकाने चाटून पाहिला, खिचडीसारखा लागतो का म्हणून. नुसतं पाणी.

२:३०. गणित. मध्येच कुठलीशी माहिती तातडीने ऑनलाइन भरायची होती. त्यात पाऊण तास गेला. तो पोरांचा होता, याचं वाईट वाटतं.

४:४५. दप्तरं भरताना त्या मुलीने वही दाखवली. आजच्या आकड्यांखाली तिने पट्टीने दोन रिकामे चौकोन आखले होते: 'एप्रिल – हवा, एप्रिल – पाणी'. पाण्याच्या चौकोनात पेन्सिलीने अगदी फिकट २५ लिहिलं होतं, खोडता येईल असं.