उन्हाळ्यात कोंबड्यांना गार पाणी



सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. त्यात अंगातलं पाणी जातं. पत्र्याच्या भांड्यातलं पाणी दुपारी तापतं. तसलं पाणी ती नीट पीत नाही. मग अंडी घटतात, अन् भर दुपारी कोंबडी दगावते.

म्हणून मातीचं परळ घ्या. पाणी झिरपून वाळतं, त्यानं आतलं गार राहतं. परळ कडुलिंबाच्या सावलीत ठेवा. रोज घासून दोनदा पाणी बदला. दहा कोंबड्यांना दिवसाला ४-५ लिटर पाणी ठेवा.

चिमण्या-साळुंक्यांचं परळ मात्र लांबच्या झाडाला टांगा. पाखरांच्या विष्ठेतून राणीखेतसारखा रोग कोंबड्यांत येऊ शकतो.