जुनी फोर बाय फोर पिकअप विकताय? पैसे आले म्हणजे गाडी विकली गेली, असं नाही!

घरची जपून वापरलेली इसुझु व्ही-क्रॉस विकायची असेल तर बरंचसं काम आता मोबाईलवरच होतं. पण या गाडीचं गिऱ्हाईक जरा वेगळं असतं. त्याला पॉलिशपेक्षा फोर बाय फोर खरंच चालतं का, हे बघायचं असतं. म्हणून नुसते चकाचक फोटो टाकू नका. एक सलग व्हिडिओ काढा. आधी सकाळी थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज, मग शेतातल्या मऊ मातीत ४एच, नंतर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन ४एल. डॅशबोर्डवरचा दिवा लागलेला दिसू द्या. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा प्रयोग नको. तिथे वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

चेसीखालचे फोटोही टाका. गंज असेल तर तोही दिसू द्या, गिऱ्हाइकाचा मेकॅनिक खाली वाकून बघणारच आहे! आरसी आणि आधारचे फोटो मात्र जाहिरातीत अजिबात नकोत.

"क्यूआर स्कॅन करा, टोकन जमा होईल" असं कोणी म्हणालं तर सरळ फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. मोठी रक्कम आरटीजीएसने घ्या. समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली की मगच चावी द्या.

आता खरी गोची. "फॉर्मवर सही करून दिलीय, तो नाव बदलून घेईल," असं म्हणून बरेच जण मोकळे होतात. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या निकालात स्पष्ट सांगितलंय की गाडी पुढे कितीही हात बदलो, अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येऊ शकते. म्हणजे गाडी दुसऱ्याची, भुर्दंड तुम्हाला.

त्यामुळे परिवहन पोर्टलवर फॉर्म २९ आणि ३० चा अर्ज स्वतः पुढे बसून भरा. गाडीवर कर्ज होतं? मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी. गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर त्याचा टोल तुमच्या खात्यातून कटत राहील. आणि एम-परिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघत राहा. मालकाच्या नावाची अक्षरं बदललेली दिसेपर्यंत अर्जाची पावती जपून ठेवा.