तिकिटाएवढे कोठार

डिजिटल कॅमेऱ्यात सर्वाधिक वापरले जाणारे एसडी कार्ड ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद आणि २.१ मिलिमीटर जाड असते. वजन जेमतेम दोन ग्रॅम. आत दोन गोष्टी असतात: छायाचित्रे साठवणारी फ्लॅश मेमरीची चिप आणि त्या चिपचा कारभार पाहणारा कंट्रोलर. कॅमेऱ्याचा चिपशी थेट संबंध कधीच येत नाही. तो फक्त कंट्रोलरशी बोलतो आणि कंट्रोलर सांगेल ते खरे मानतो. कार्ड विश्वासार्ह आहे की नाही, हा प्रश्न बराचसा या मध्यस्थाच्या सचोटीचा आणि त्याच्या पदरी असलेल्या चिपच्या दर्जाचा आहे. दुकानातल्या वेष्टनावर मात्र या दोहोंबद्दल जवळजवळ काहीच छापलेले नसते.

फ्लॅश मेमरी ही तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांची कल्पना. तिचा पहिला जाहीर शोधनिबंध १९८४चा. आजच्या कार्डांत असतो तो नँड हा प्रकार १९८७मध्ये पुढे आला. साठवलेला मजकूर एका झटक्यात पुसला जाण्याची तिची रीत पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडले, असे सांगतात. कॅमेऱ्यांत ती येण्याआधी, १९८८च्या फुजी डीएस-१पी या कॅमेऱ्यात दोन मेगाबाइटचे कार्ड होते. त्यात पाच ते दहा छायाचित्रे मावत आणि ती टिकवण्यासाठी कार्डाला वीज लागे. विजेशिवाय आठवण ठेवणारी फ्लॅश मेमरी आल्यावर कार्डांचे पेव फुटले: १९९४मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश, पुढच्या वर्षी स्मार्टमीडिया, १९९८मध्ये सोनीची मेमरी स्टिक, २००२मध्ये ऑलिंपस आणि फुजीचे एक्सडी. सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी १९९९मध्ये जाहीर केलेल्या एसडीने यांतल्या बहुतेकांना बाजूला सारले. त्याचे बोधचिन्ह मुळात तोशिबाने एका तबकडीसाठी करवून घेतले होते. म्हणूनच त्यातला ‘डी’ आजही तबकडीसारखा दिसतो.

फ्लॅश चिपमध्ये कोट्यवधी सूक्ष्म पेशी असतात. लिहिताना विद्युत दाब देऊन इलेक्ट्रॉन एका अतिपातळ निरोधक थरापलीकडे ढकलले जातात आणि ते तिथे कोंडून राहतात. पुसताना त्यांना परत ओढून घ्यावे लागते. या ये-जेने थर हळूहळू झिजतो आणि एक दिवस पेशी गळू लागते. एका पेशीत एकच बिट ठेवणारी चिप साधारण लाखभर वेळा लिहिणे-पुसणे सोसते. तीन बिट कोंबणारी चिप हजाराच्या आसपास थकते, कारण तिला विद्युतभाराच्या दोन नव्हे, आठ पातळ्या ओळखाव्या लागतात आणि थोडीशी गळतीही वाचनात चूक घडवते. स्वस्ताई याच गर्दीतून येते. छंद म्हणून फोटो काढणाऱ्याचे कार्ड हजार वेळा भरून रिकामे होणे अवघडच. त्यामुळे त्याला झिजेची धास्ती घेण्याचे कारण नाही. देखरेखीच्या कॅमेऱ्यात रात्रंदिवस पुनःपुन्हा लिहिल्या जाणाऱ्या कार्डाची गोष्ट वेगळी. त्यासाठी अधिक टिकाऊपणाची वेगळी कार्डे मिळतात आणि तिथे तीच घ्यावीत.

नवी कोरी चिपही निर्दोष नसते. कारखान्यातून निघतानाच तिच्यात काही खराब कप्पे असतात आणि वापरात आणखी होतात. कंट्रोलर त्यांची नोंद ठेवतो, ते वगळतो, लेखनाचा भार सगळ्या कप्प्यांवर सारखा वाटतो आणि वाचताना झालेल्या किरकोळ चुका गणिताने दुरुस्त करतो. म्हणजे कार्ड हा आतून एक छोटा संगणकच. अँड्र्यू ‘बनी’ ह्वांग आणि शॉन क्रॉस या दोघांनी डिसेंबर २०१३मध्ये हॅम्बर्गमधल्या एका परिषदेत कार्डातल्या या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून दाखवला होता. चांगल्या उत्पादकाचे कार्ड आणि निनावी कार्ड यांच्यातला फरक इथे पडतो: चिप कोणत्या प्रतीची निवडली, कंट्रोलरचा प्रोग्रॅम किती काळजीने लिहिला आणि माल बाहेर पडण्याआधी किती तपासला.

बनावट कार्डांचा धंदाही याच जागेवर चालतो. आठ जीबीची चिप घ्यायची आणि कंट्रोलरला ‘मी १२८ जीबी’ असे सांगायला शिकवायचे, एवढेच काम. कॅमेरा विश्वास ठेवतो, संगणकही ठेवतो. पहिले आठ जीबी सुरळीत जातात. त्यानंतरचे लेखन एकतर आधीच्या छायाचित्रांवर चढते किंवा कुठेच जात नाही. फसवणूक लगेच कळत नाही, कारण फाइलींची यादी चिपच्या सुरुवातीच्या भागात असते आणि ती शाबूत राहते. नावे दिसतात, आकार दिसतो, क्रमांक बरोबर असतात. लग्नाच्या रात्री घरी येऊन पाहिले, तर हळदीचे फोटो उघडतात आणि मंगलाष्टकांचे उघडत नाहीत. वेष्टन, छपाई, चकाकते स्टिकर यांवरून असा माल ओळखण्याचे दिवस गेले. नकलेची छपाई आता अस्सलाइतकीच सुबक असते.

खात्रीचा उपाय एकच: कार्ड पूर्ण भरून पाहणे. जर्मनीच्या सीटी या संगणकविषयक नियतकालिकाचा एचटू-टेस्ट-डब्ल्यू हा विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम आणि लिनक्स व मॅकसाठी एफ-थ्री नावाचा प्रोग्रॅम हेच करतात. दोन्ही फुकट आहेत. ते कार्डावर ठरावीक मजकूर काठोकाठ लिहितात आणि मग अक्षर न् अक्षर परत वाचून ताडतात. सेकंदाला ३० एमबी वेगाने ६४ जीबी लिहायला पस्तीस-छत्तीस मिनिटे लागतात. वाचनासह पाऊण ते एक तास. एवढा वेळ नव्या प्रत्येक कार्डाला द्यावा, मग ते कितीही नामांकित असो. खोटी क्षमता तर उघड होतेच, शिवाय जन्मतः अधू असलेले अस्सल कार्डही याच चाळणीत अडकते आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी सापडते. खरेदी उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडून आणि पक्क्या बिलावर करावी. ऑनलाइन घेताना संकेतस्थळाचे नाव पाहून भागत नाही, त्यावर प्रत्यक्ष माल कोण विकतो आहे ते पाहावे लागते. जी किंमत बाजारभावाच्या निम्म्याने कमी आहे, ती सवलत नसते.

एक तक्रार मात्र नेहमी विनाकारण होते. ६४ जीबीचे कार्ड संगणकावर ५९.६ दाखवते, तेव्हा कोणी काही चोरलेले नसते. उत्पादक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतो, विंडोज १०७ कोटींच्या वर मोजते, एवढाच हिशेब.

आता लेबल. एसडी कार्डाच्या इवल्याशा दर्शनी बाजूवर जेवढी चिन्हे कोंबलेली असतात, तेवढी औषधाच्या बाटलीवरही नसतात. त्यांतला सर्वांत ठळक आकडा, १७० किंवा २०० एमबी असा, सर्वांत कमी कामाचा. तो वाचनाचा कमाल वेग असतो. तोही बहुधा त्याच उत्पादकाच्या रीडरमध्ये मिळणारा. कॅमेऱ्याला गरज असते लिहिण्याच्या किमान वेगाची. तो सांगणारी चिन्हे बारीक असतात: वर्तुळातला १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू अक्षराच्या पोटातला ३ म्हणजे ३०, आणि व्ही३०, व्ही६०, व्ही९० म्हणजे अनुक्रमे ३०, ६०, ९०. ए१ आणि ए२ ही चिन्हे फोनमध्ये ॲप चालवण्यासाठी आहेत; कॅमेऱ्यासाठी त्यांचे जास्तीचे पैसे मोजू नयेत. व्हिडिओचा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत १०० मेगाबिट लिहिले असेल, तर आठाने भागून १२.५ एमबी, व्ही३० कार्ड त्याला आरामात पुरते. ४०० मेगाबिट असेल तर ५० एमबी, म्हणजे व्ही६०.

रोमन एक आणि दोन हे आकडे आतल्या रस्त्याची रुंदी सांगतात. यूएचएस-१ची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, यूएचएस-२ची ३१२. दुसऱ्या प्रकारच्या कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची आणखी एक रांग असते. कॅमेऱ्यातली कार्डाची खाच जुनी असेल तर ही दुसरी रांग कशालाच टेकत नाही. कार्ड चालते, पण पहिल्याच वेगाने. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल ३० एमबीच्या आसपास भरते. सेकंदाला दहाच्या वेगाने पक्षी टिपायचा तर ३०० एमबी येतात. कॅमेरा ते आधी स्वतःच्या बफरमध्ये घेतो आणि मग कार्डावर उतरवतो. मंद कार्डाने फोटो बिघडत नाही, फक्त बफर भरून कॅमेरा अडतो आणि खंड्या मासा घेऊन निघून जातो. स्थिरचित्रे, निसर्गदृश्ये, घरगुती समारंभ यांसाठी चांगल्या उत्पादकाचे साधे व्ही३० पुरेसे आहे. त्याहून वेगवान सीएफएक्सप्रेस कार्डे मुख्यतः महागड्या व्यावसायिक कॅमेऱ्यांत लागतात आणि खाच नसेल तर घेऊन उपयोग नाही.

एचसी, एक्ससी, यूसी ही अक्षरे क्षमतेची आहेत: अनुक्रमे ३२ जीबी, २ टीबी आणि १२८ टीबीपर्यंत. एचसी २००६मध्ये आले, एक्ससी २००९मध्ये. त्याआधीचा कॅमेरा नंतरचे कार्ड सहसा ओळखत नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या मालकाने माहितीपुस्तिका पाहूनच खरेदी करावी. किती मोठे घ्यावे, यावर छायाचित्रकारांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सगळी अंडी एका टोपलीत नकोत. चार लहान कार्डे घ्या, एक गेले तरी तीन राहतील. दुसरा म्हणतो, कार्ड बदलतानाच ते हरवते, वाकते, पडते. म्हणून मोठे एकच घ्या. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील आणि दोन्हींत एकच छायाचित्र लिहिण्याची सोय असेल, तर हा वाद मिटतो. मोबदला घेऊन लग्ने टिपणाऱ्याने एका खाचेच्या भरवशावर मांडवात उभे राहू नये.

कार्ड बिघडण्याची बरीच कारणे वापरात असतात. तांबडा दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढून काढणे किंवा बॅटरी संपताना लिहीत राहणे, यांत फाइलींची यादी अर्धवट लिहिली जाते आणि सगळे कार्ड रिकामे भासते. छायाचित्रे संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून घेतल्यावर कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे. संगणकावर केलेले फॉरमॅट कॅमेऱ्याला नेहमी रुचतेच असे नाही. कडेची सरकपट्टी लेखन अडवते, पण कार्डाच्या आत तिची कसलीही जोडणी नसते. ती कुठे आहे हे खाचच चाचपते. म्हणून पट्टी तुटली की धडधाकट कार्डही ‘लॉक’ दाखवते आणि चिकटपट्टीचा तुकडा लावला की पुन्हा चालते. पावसाळ्यात सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये आणि कार्ड डबीत ठेवावे. वर्षानुवर्षांचा साठा मात्र कार्डावर ठेवू नये. वापराविना पडलेल्या कार्डातला भारही हळूहळू गळतो.

चुकून पुसलेली छायाचित्रे बहुधा परत मिळतात. डिलीट किंवा साधे फॉरमॅट फक्त यादी पुसते, मजकूर जागेवरच असतो. अशा वेळी कार्ड ताबडतोब बाहेर काढावे, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नये आणि संगणकावर फोटोरेकसारखा फुकट प्रोग्रॅम चालवावा. मजकूरही पुसणारे लो-लेव्हल फॉरमॅट झाले असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. एकदा वाचन-लेखनात चूक दाखवलेले कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नये, नंतर ते कितीही शहाण्यासारखे वागले तरी. मुदतीत असेल तर ते बिलासह विक्रेत्याकडे न्यावे. हमीपत्रानुसार नवे कार्ड मिळते. छायाचित्रांचा उल्लेख त्यात असतो, तो त्यांची जबाबदारी नाकारण्यापुरता.