एक्सेलच्या चौकटीत माहिती नीट का दिसत नाही? – कारणे व उपाय



जून उजाडला की केंद्रावरून, पंचायत समितीकडून माहितीचे तक्ते यायला सुरुवात होते. आधार क्रमांक, विद्यार्थी आयडी, जन्मतारीख, बँक खाते... सगळं एक्सेलमध्ये भरून द्यायचं. आणि भरताना कुठे ##### दिसतं, कुठे आकड्यात मधेच इंग्रजी ई येतो, कुठे मराठी नावाची अक्षरे वेडीवाकडी होतात. आज हे सगळे प्रकार एकेक करून समजून घेऊया.

त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चौकटीत दिसतं ते वेगळं, आणि चौकटीत साठवलेलं असतं ते वेगळं. साठवलेलं बघायचं असेल तर त्या चौकटीवर क्लिक करा आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथे माहिती बरोबर असेल तर बिघाड फक्त दिसण्याचा आहे. तिथेही चूक असेल तर माहितीच बदललेली आहे, मग कितीही फॉरमॅट बदला, ती परत येत नाही.

१) ##### दिसणे

घाबरू नका, माहिती जागेवरच आहे. रकाना अरुंद आहे एवढंच. रकान्याच्या वर जिथे इंग्रजी अक्षर असतं, तिथल्या उजव्या कडेवर डबल क्लिक करा, रकाना आपोआप रुंद होतो. रुंद करूनही ##### तसंच राहिलं तर वजाबाकीचं उत्तर उणे आलं का ते बघा. वय काढताना तारखा उलट्या लागल्या की असं होतं.

२) गावाचं नाव अर्धंच दिसणे

'वडवळ नागनाथ' लिहिलं आणि नुसतं 'वडवळ' दिसतंय? शेजारची चौकट भरलेली असली की लांब मजकूर झाकला जातो. होम मधील रॅप टेक्स्ट दाबा, नाव दोन ओळींत बसेल. वेलांटी किंवा मात्रा वरून कापल्यासारखी दिसत असेल तर ओळीची उंची थोडी वाढवा.

३) आधार क्रमांक १.२३४५७ई+११ असा दिसणे

एक्सेल साध्या चौकटीत ११ अंकांपर्यंतची संख्या पूर्ण दाखवतं. त्यामुळे शाळेचा यू-डायस कोड (११ अंकी) सहसा नीट दिसतो. आधार १२ अंकी, म्हणून तो आखडून दाखवला जातो. पण आत पूर्ण क्रमांक शाबूत असतो. रकाना निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, नंबर निवडा, डेसिमल प्लेसेस शून्य करा. झालं. इथे भरल्यानंतर टेक्स्ट फॉरमॅट देऊ नका, त्याने तो आखडलेलाच राहतो.

४) विद्यार्थी आयडीच्या शेवटी शून्ये येणे

हा सगळ्यात धोक्याचा प्रकार! एक्सेल कोणत्याही संख्येचे फक्त पहिले १५ अंक जपतं, पुढच्या जागी शून्य टाकतं. सरलचा विद्यार्थी आयडी १९ अंकी आहे. म्हणजे शेवटचे ४ अंक गेले. ज्या वर्गात मुलांचे आयडी त्या शेवटच्या अंकांनीच वेगळे होतात, तिथे सगळ्यांचा आयडी एकच होऊन बसतो. गेलेले अंक कोणत्याही फॉरमॅटने परत येत नाहीत, मूळ यादी बघून पुन्हाच टाकावे लागतात.

उपाय आधीचा आहे. रकाना रिकामा असतानाच निवडून त्याला टेक्स्ट फॉरमॅट द्या, मग क्रमांक टाका. मोबाईलवर गुगल शीट्स वापरत असाल तर फॉरमॅटमध्ये प्लेन टेक्स्ट निवडा.

५) खाते क्रमांकाचे सुरुवातीचे शून्य गायब होणे

संख्येच्या पुढच्या शून्याला गणितात किंमत नाही, म्हणून एक्सेल ते काढून टाकतं. पण खाते क्रमांक ही बेरीज करायची संख्या नाही, ते मुलाच्या खात्याचं नाव आहे समजा. शून्य गेलं तर शिष्यवृत्ती अडकू शकते. इथेही टेक्स्ट फॉरमॅट आधीच द्या. नंतर चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल, दिसू द्या. त्यातलं 'कन्व्हर्ट टू नंबर' मात्र चुकूनही दाबू नका.

६) जन्मतारखेऐवजी ४२१७० असा आकडा दिसणे

एक्सेल तारीख दिवस मोजून साठवतं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून १५ जून २०१५ ला ४२१७० होतात. फॉरमॅट डेट केलं की तारीख दिसते.

खरी अडचण वेगळीच आहे. संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल तर ०५/०८/२०१६ ही ५ ऑगस्ट न राहता ८ मे होते, आणि दिसायला काहीच फरक पडत नाही! ओळखायचं कसं? त्याच रकान्यात १५/०६/२०१५ सारख्या तारखा डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकलेल्या दिसल्या, की समजा गडबड आहे. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा आणि तारखा जनरल रजिस्टरशी ताडून पुन्हा भरा.

७) मराठी मजकूर वाचता न येणे

नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे दिसली तर तो मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असू शकतो. तो फॉन्ट संगणकात टाका किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. नवीन टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करा. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल विचित्र दिसत असेल तर ती थेट न उघडता डेटा मेनूतील फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही मधून आणा आणि फाइल ओरिजिनमध्ये यूटीएफ-८ निवडा.

पालकांनाही एक विनंती. शाळेने यादी दाखवली तर आपल्या लेकराची जन्मतारीख, आधार आणि खाते क्रमांक शेवटच्या अंकापर्यंत वाचून बघा. आणि शिक्षकांनो, ही यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, प्रत्येकाला त्याचीच ओळ दाखवा.

तक्ता पुढे पाठवण्याआधी प्रत्येक रकान्यातल्या दोन-चार चौकटींवर क्लिक करून फॉर्म्युला बार बघायची सवय लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यावर एखाद्या लेकराची शिष्यवृत्ती अवलंबून असते.