का आणि कसं? : तोफेच्या गोळ्याने तट कसा पडतो?

पावसाळ्यात चांदूर रेल्वेकडच्या जुन्या मातीच्या भिंती पडतात, त्या वरून झिजून नव्हे. पाया भिजून खचला की वरचा भारच भिंतीला पाडतो. किल्ल्याचा तट पाडतानाही तोफा हेच साधत.

डिसेंबर १८०३. नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड, समोर आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज. त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनच्या सैन्याने अवजड तोफा मेळघाटातल्या डोंगरवाटांनी, बऱ्याच ठिकाणी हातांनी ओढत, गडाच्या उत्तरेला आणल्या. माझ्या मते गड तिथेच गेला.

तट फोडायचे गोळे भरीव लोखंडाचे. ते फुटत नसत, नुसते आदळत. गोलंदाज ते तटाच्या खालच्या भागावर, आडव्या रेषेत मारत. दर धक्क्याला दगड तडकतो, सांध्यातला चुना सुटतो. आडवी खाच पुरेशी खोल गेली की वरचे चिरे आपल्याच वजनाने खाली येतात. शिवाय त्या ढिगाऱ्याचा आयताच उतार होतो, आणि हल्लेखोर त्यावरूनच चढतात.

१५ डिसेंबरला इंग्रज असेच खिंडारातून बाहेरच्या कोटात शिरले. आतला कोट मात्र शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने त्याला शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला.